सत्याऐंशी

जुलैत आम्ही त्याला धरलं तेव्हा
त्याचे पाय त्याच्याहून मोठे होते.
उल्झ नदीची दलदल, गुडघाभर गाळ,
आठवीची अकरा मुलं कडं करून उभी,
आणि मध्ये ते करकोच्याचं पिल्लू,
डोक्यावर कापडी टोपडं,
रात्र झाली असं समजून गप्प.
लांबवर त्याचे आईबाप ओरडत होते,
पांढऱ्या माना ताणून.
झोल्बूनं वजन वाचलं. बायर्मानं लिहिलं.
सोलोंगोनं त्याला पोटाशी धरलं होतं,
श्वास रोखून, आपला.
डाव्या पायात हिरवं कडं: सत्याऐंशी.
उजव्या पायात यंत्र, काडेपेटीहून लहान.
"ऊन मिळालं की हे बोलतं," मी म्हटलं,
"अंधारात मुकं होतं."
मी भूगोल शिकवते. वाक्य माझंच.

सप्टेंबरात शाळा उघडली.
भिंतीवर नकाशा. वर आमचं गवताळ रान,
आणि पार खाली, जिथे माझा हात टेकवावा लागतो
मुलांना दाखवायला, पोयांग सरोवर.
टाचणीला लाल लोकरीचा गुंडा बांधला,
तो उडेल तसा सोडत जायचा.
पहिल्या तासाआधी एकानं आकडे वाचायचे,
दुसऱ्यानं टाचणी टोचायची.
आकडे तेच.
चार दिवस तेच.
"पोटभर खातोय, बाई."
मी हो म्हटलं.
मला आकडे वाचता येतात, तरी हो म्हटलं.

पाचव्या दिवशी टाचणी हलली!
बारा किलोमीटर, दक्षिणेला.
मुलं बाकांवर चढली, झोल्बूनं हातांचे पंख केले,
शाई सांडली, शेजारच्या वर्गातले डोकावले.
मी खडूनं वेग काढला: ताशी अठरा.
खळग्यांच्या वाटेनं सामान नेणाऱ्या ट्रकचा वेग.
या आठवड्यात कोणाचा गेर उठला,
कोण शरदाच्या कुरणाकडे गेलं,
हे इथे विचारावं लागत नाही.
बाकावर एकटी सोलोंगो चढली नव्हती.
मी फळा पुसला.

मधल्या सुट्टीत ती आली.
दप्तरातून पिठाची पिशवी काढली,
पिशवीतून हिरवं कडं, मग यंत्र,
त्याची काच फडक्यानं पुसलेली.
"बासारनं," ती म्हणाली. त्यांचा कुत्रा.
"बाबांनी पुरलं. हे मी ठेवून घेतलं.
रोज उन्हात ठेवत होते गेरच्या छपरावर.
नाहीतर तो नकाशावरून गेला असता ना?"

वर्गाला तिनंच सांगितलं, उभी राहून,
मी खिडकीकडे बघत असताना.
झोल्बू म्हणाला, मारून टाका कुत्र्याला.
बायर्मा म्हणाली, तुमच्या कुत्र्यानं काय काय खाल्लंय
ते सांग आधी.
मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही,
कारण कुत्रा प्रत्येकाच्या दारात होता,
माझ्यासुद्धा.

महिनाअखेरीस दलदलीवरून थवे उठले.
ती जोडी गेली, मागे एक पिल्लू घेऊन,
सत्याऐंशीचं भावंड,
पायात कडं नाही, यंत्र नाही.
आम्ही अंगणात उभे राहून पाहिलं,
टेकडीपर्यंत दिसलं, मग नाही.
टाचणी टोचायला जागा नव्हती.
लोकरीचा गुंडा आहे तसाच लटकतोय.

मे महिन्यात आम्ही गेरोगेरी फिरलो.
चहा प्यालो, खारट, लोण्याचा तवंग असलेला,
आणि म्हटलं, कुत्री बांधा, पिल्लं उडेपर्यंत.
काही हसले. काहींनी मान हलवली,
म्हणजे बांधणार नाहीत.
सोलोंगोच्या वडिलांनी वाटी खाली ठेवली.
"आणि लांडगा आला की मेंढ्यांना कोण,
तुमची शाळा राखणार?"
मला उत्तर नव्हतं. सोलोंगो उठून बाहेर गेली,
घोड्याच्या केसांची दोरी घेऊन आली,
त्यांच्यापुढे ठेवली.
ते दोरीकडे बघत राहिले.
"किती दिवस?"
"सत्तर, पंचाहत्तर."
"दिवसा बांधीन. रात्री नाही."

मी वहीत त्यांचं नाव लिहिलं,
पुढे लिहिलं: दिवसा.
बाहेर बासार उन्हात पसरला होता.
सोलोंगोनं त्याच्या मानेभोवती हात घातले,
दोरी बांधायच्या आधी, खूप वेळ.