नऊ सेंटिमीटर

गुरुवारी एक्का पुन्हा अडकला.
काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे,
तिथंच, जिथं मी मुद्दाम
नऊ सेंटिमीटर रूळ बिनविजेचा ठेवलाय.
अलीकडे एक वीज, पलीकडे दुसरी,
मधे कुणाचीच नाही.
खऱ्या मार्गावर असतं तसंच. हौस माझी.

चेस्का त्रेबोवातल्या या सातव्या मजल्यावर
माझा लोहमार्ग कोठीतून निघतो,
वॉशिंग मशीनच्या डोक्यावरून वळतो,
आणि आत कपडे पिळले जात असले
की अख्ख्या बोहेमियात भूकंप होतो.

एकशेवीसात एक. म्हणजे माझा भाऊ व्लास्तिमिल
या मापात दीड सेंटिमीटरचा.
खऱ्या मापात अजून दार भरून उभा राहतो,
टोपी काढत नाही, आणि म्हणतो,
"द्राहा, तार पूस. दोष तारेतच असतो."
ज्यानं तीस वर्षं इंजिन चालवलं
त्याला दोष नेहमी बाहेरच दिसतो.
मी तीस वर्षं तीच इंजिनं उघडली.
मला आधी पोट दिसतं.

उघडलं. चार स्क्रू, तिळाएवढे;
एक फरशीवर गेला, तो आता मार्चमध्ये सापडेल.
कार्बनचे ब्रश ठीक. चाकांवर काळी साय,
ती कापसानं काढली. स्पिरिट संपलं होतं,
प्लमची दारू चालली,
चाकांना, आणि मग मला.
आसाभोवती मांजरीचा एक केस.
मांजर जाऊन दोन वर्षं झाली.
मल्टीमीटर लावला: बारा, बारा, बारा,
पट्ट्यावर शून्य. असायलाच हवं शून्य.

हिशोब साधा आहे.
खरा एक्का सत्त्याऐंशी टनांचा,
वीज तोडली तरी आपल्याच वजनावर
मेलेल्या पट्ट्यातून सरकत जातो.
माझा एकशे चाळीस ग्रॅमचा.
वीज गेली की जागीच शहाणा होतो.

पण मग मी कॉफी करायला गेले
की तो पार कसा होतो?
मी समोर असले की अडतो,
पाठ वळली की पलीकडे.
पाणी कुठंतरी मुरत होतं.

दिव्याखाली आडवा धरला. टपावर धूळ,
धुळीत एक बोट उमटलेलं.
त्यावर तिरपा व्रण,
लहानपणी बीट कापताना
माझ्याच सुरीनं झालेला.

काही बोलले नाही.
दोन हजार एकच्या फेब्रुवारीतही बोलले नव्हते.
रात्रीची गाडी, उणे चौदा.
हद्दीवर त्यानं वेग का कमी केला ते त्यालाच ठाऊक,
पण सहा डब्यांसकट
मेलेल्या पट्ट्यात उभा राहिला.
मागून डिझेल आलं, त्यानं ढकललं.
पहाटे इंजिन शेडमध्ये, माझ्यापुढे.
तपासलं. ठणठणीत होतं.
वहीत लिहिलं: पँटोग्राफची कार्बनपट्टी झिजलेली.
सही केली. मग नवीकोरी पट्टी
झिजलेली दिसावी म्हणून
पाऊण तास कानस चालवली.
त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
नाताळात मात्र दरवर्षी
एक कार्प मासा जास्तीचा येतो,
बादलीत, जिवंत.

दाराची एक जुनी पितळी मूठ पडून होती.
झ्देन्का अजून शेडच्या लेथवर असते, तिनं कापून दिली
वाटाण्याएवढी चकती.
मोटरच्या आसावर बसवली.
वजन फारसं वाढलं नाही. फक्त आत काहीतरी फिरतं,
जे लगेच थांबायला तयार नसतं.

या गुरुवारी तो आला. टोपीसकट.
मी कॉफीला गेले, कॉफी नको असताना,
आणि दाराच्या काचेतून बघत राहिले.
एक्का बरण्यांकडे आला.
व्लास्ताचं बोट आधीच तिथं, टपाच्या केसभर वर.
पट्टा आला. पुढचे दिवे विझले.
इंजिन किंचित कुरकुरलं
आणि तसंच, अंधारातच, गेलं.
दिवे लागले ते पलीकडे.

बोट तिथंच, हवेत.

"साखर किती?" मी आतून विचारलं.
चाळीस वर्षं तो एकच घेतो.
"दोन," म्हणाला.