तिसरी बाही

पाच मीटर मांजरपाट आणि एक चित्र
नेहेते सरांनी माझ्या मशीनवर आणून टाकलं.
चित्रात कोट उभा होता, आत माणूस नव्हता.
खिशाच्या जागी भरताचं हिरवं वांगं,
वांग्याच्या पोटातून निघालेली मालगाडी.
डबे मोजले मी. एकोणीस.
आणि बाह्या तीन.

सर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. रिटायर झाले तसे
केळीच्या बागांना दारं काढू लागले,
दारांना डोळे, डोळ्यांना काजं-बटणं.
फैजपुरात कोणी काही विचारलं नाही.
विचारलं पॅरिसच्या एका घराण्यानं.
गाण्याचं असतं तसं कपड्यांचंही घराणं असतं,
हे मला तेव्हा कळलं.
ऐन मे महिन्यात त्यांची बाई आली, नखशिखांत काळ्या कपड्यांत,
माझ्या दुकानात तीन ग्लास मठ्ठा प्याली
आणि दुभाष्याला म्हणाली,
कच्चा नमुना इथेच शिवा, स्वप्न पडलं तिथे.

"सर, तिसरा हात कोनाचा?"
"जो आता इथं नही, त्याचा."
"अन् माप?"
सर नुसते हसले.
चित्राला माप लागत नाही, कात्रीला लागतं.

रात्री सायराबी भाकरी टाकत होती.
तव्याकडे गेलेला तिचा हात तसाच धरून
खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावला.
साडेबावीस.
"येड लागलं का तुले," ती म्हणाली,
तेवढ्यात भाकर करपली.

जानेवारीत सरांनी मोबाइल पुढे धरला.
मी लेझीम पथकाच्या शर्टांना कॉलर लावत होतो.
एक उंच पोरगी चालत आली, कुठेच न बघता.
मांजरपाटाचं रेशीम झालेलं,
मालगाडी जरीची, डबे बरोबर एकोणीस,
पण वांगं त्यांनी जांभळं केलं होतं.
सर त्यावर तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

किंमत पोराने वाचून दाखवली,
शून्यांपाशी दोनदा अडखळला.
मी बघत होतो ती रिकामी बाही.
एवढ्या दिव्यांत, एवढ्या लोकांत
ती जरा वाकून पुढे जात होती,
खाली तवा असल्यासारखी.

घरी नेऊन सायराबीला दाखवलं.
तिने चष्मा लावला, पुन्हा लावून बघायला सांगितलं,
मग म्हणाली,
"बोटभर कमी पडली.
चटका वाचवाले मी हात जरा लांबूनच टाकते."