डबी नंबर एक्केचाळीस

झाकणातच चमचा असतो, इवलासा.
आया हसतात, तोंडाला पदर लावतात,
आणि एवढंसं भरून देतात,
शेजारणीला विरजण द्यावं तसं.

जांबोटीच्या अंगणवाडीत मी फॉर्म वाचते:
अनोळखी माणूस दिसल्यावर मूल लपतं का?
कधीच नाही, कधीकधी, नेहमी.
भागिरथा गावड्याची लेक तोवर
माझ्याच मांडीवर चढून
ओळखपत्राची दोरी चघळूलालीय.
रडल्यावर किती वेळात गप्प होतं?
"कोंबडी दिसली की."
घरापासून तीनशे पावलांत झाडं किती?
भागिरथा दाराबाहेर बघते, मग माझ्याकडे.
"झाडं कुणी मोजतंय होय?"
मी लिहिते: भरपूर.
फॉर्मवर तसा चौकोन नाही.

बर्फपेटी मांडीवर घेऊन लाल बसनं बेळगावला.
लेबलं कन्नडात, प्रश्न मराठीत,
अहवाल इंग्रजीत होणार म्हणे.
कंडक्टर पेटीवर टिचकी मारतो,
"इद्राग एनैती?"
आता काय सांगू.
"स्वभाव," म्हणते, "लहान पोरांचा."
तो लगेज फाडत नाही.

उद्यमबागेत रात्रपाळीच्या फौंड्रीचा काळा भुगा
खिडकीच्या गजांवर बसतो, पुसला तरी बसतो.
आमचा निनाद बेल वाजली की कपाटामागे.
परका कुणी नव्हता, गॅसवाला होता.
त्याची डबी एक्केचाळीस.
त्याचा फॉर्म मीच भरला, रात्री, ओट्यावर.
"कधीकधी"वर टिक केली.
खोडली.
"नेहमी"वर केली.

डॉक्टरीणबाई म्हणतात,
झाडं, पोटातले जंतू, मुलांचा स्वभाव,
धागा असेल. टोक कुठलं आणि गाठ कुठली
ते इतक्यात सांगता येत नाही.
त्यांना थांबता येतं.

मी भागिरथाच्या परसातली माती आणली,
फणसाखालची, पानांसकट,
रंगाच्या रिकाम्या डब्यातून,
पेटीच्या शेजारी ठेवून, त्याच बसनं.
गच्चीवर पाटीत पसरली.
दोन दिवस तो टाकीच्या आडून बघत होता.
तिसऱ्या दिवशी एक बोट.
आज मूठ,
आणि मूठ निघाली तोंडाकडे.
माझ्या घशात आईचा आवाज आला होता,
शी, टाक ती, टाक आधी.
गिळला.

त्यानं वर बघितलं. मूठ माझ्यापुढे धरली.
उघडली.

मी बोट टेकवून चाखली.
कशाचीच चव नव्हती.
जराशी फणसाची होती,
पण ते मला वाटलं असेल.