दोन सूत

सोमवार. उद्यमनगर बंद.
लेथवर गोणपाट टाकलेलं,
आणि ऑफिसात, म्हणजे वजनकाट्यामागच्या फळीवर,
सन्मती लॅपटॉप उघडून बसलेला.
"वहिनी, रस्ते दोनच," म्हणाला.
"एक नो-कोड. एक लो-कोड."

पहिला रस्ता गुळगुळीत.
चौकटी उचलायच्या, ठेवायच्या,
दुपारच्या चहाआधी ॲप तयार :
पार्टी, ड्रॉइंग नंबर, नग, वजन,
पैसे आले, पैसे नाही आले.
हिरवं बटण, लाल बटण.

मी विचारलं, गडहिंग्लजच्या चौगुल्यांचं कुठं लिहू?
निम्मे दिलेत,
पाव हिश्शाचं भंगार पाठवलंय,
आणि राहिलेल्यावर शब्द दिलाय.
सन्मतीनं चौकट ताणून बघितली,
बाजूला सरकवून बघितली.
शब्दाला चौकट नव्हती.

"मग लो-कोड घ्या. बरंचसं तयार मिळतं,
अडेल तिथं चार ओळी लिहायच्या."
कोण लिहिणार?
"मी."
तू पुढच्या महिन्यात हिंजवडीला जाणार.
तो गप्प. पंखा तेवढा बोलत राहिला.

दरमहा माणशी किती, तेही विचारलं,
आणि उद्या त्यांनीच दुकान गुंडाळलं
तर आमची उधारी कुणाच्या पोटात राहणार.
नीट उत्तर फक्त पहिल्याचं आलं.

कोपऱ्यात दस्तगीरचाचा सागवानी पॅटर्न तासत होते,
पंपाच्या केसिंगचं.
सुट्टी त्यांना मानवत नाही.
चाचा, ड्रॉइंगपेक्षा मोठं झालंय की हे.
"व्हय. बीड थंड झालं की आकसतंय.
त्याचं त्याला सोडायचं.
वर मशिनिंगला दोन सूत.
बरोब्बर मापाचं केलंस
तर दिसतंय झ्याक,
बसत न्हाई कुठं."

सन्मतीनं मान वर केली नाही,
बोटं मात्र थांबली.

हजेरीला पहिलंच घेतलं आम्ही.
माणूस आला किंवा नाही आला,
त्यात तासण्यासारखं काही नाही.
(आहे. रणधीर येतो आणि नसतो.
पण ते मशीनला कशाला सांगा.)
उधारीला दुसरं.

रात्री भांडी उपडी घातल्यावर
ओट्यावरच लॅपटॉप उघडला,
पहिली ओळ लिहिली.
लाल अक्षरांत काहीतरी अंगावर आलं.
एक अर्धविराम राहिला होता.
एवढ्यासाठी शाळेतल्या शिर्के बाईंनीसुद्धा
कधी हात पुढं करायला लावला नव्हता.
सातव्यांदा चाललं.

आता चौगुल्यांच्या नावापुढं
एक रिकामी जागा उघडते,
बोटभर रुंद.
मी त्यात लिहिलं : शब्द.
तारीख टाकली नाही.