एक तृतीयांश

कॉर्लिस मॅडॉकची फाईल माझ्या टेबलावर येते
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी.
बाहेर ब्यूटच्या उतारावर मळका बर्फ,
आत हीटरची खडखड
आणि माझी लाल पेन्सिल.

अर्थशास्त्रात मायनर, तिनं लिहिलंय.
तिचे पणजोबाही मायनर, इथल्याच तांब्याच्या खाणीत.
कानाला शब्द एकच.
"दोन्हीकडे दिवा कपाळाला बांधूनच उतरावं लागतं,"
काउंटरवर कोपर टेकून ती एकदा म्हणाली होती.

नियम साधे आहेत. छापलेत तरी साधे.
अठरा क्रेडिट.
सूक्ष्म आणि स्थूल, दोन्ही हवेत, सी-च्या खाली एकही नको.
संख्याशास्त्र चालेल,
पण मेजरमध्ये मोजलं असेल तर नाही,
एकच भाकरी दोन ताटांत कशी वाढणार?
वरच्या पातळीचे तीन विषय,
तेही याच भिंतींच्या आत शिकलेले.

मी खुणा करत जाते. श्रम अर्थशास्त्र, झालं.
नैसर्गिक संपत्तीचं अर्थशास्त्र, झालं
(त्यात तिला ए आहे. या गावात वाढलेल्या पोरीला
आणखी काय मिळणार).
मग सूक्ष्म.
ते स्पोकेनच्या कम्युनिटी कॉलेजातलं,
टायरच्या दुकानातली पाळी संपवून रात्री केलेलं.
तिथं वर्षाचे तुकडे तीन, आमच्याकडे दोन.
तिथले चार क्रेडिट डोंगर ओलांडून आले
की भरतात दोन पूर्णांक सदुसष्ट.
वाटेत कुठंतरी सांडतं.

एकूण सतरा पूर्णांक सदुसष्ट.
मशीन म्हणतं, अपूर्ण.

एक तृतीयांश क्रेडिट म्हणजे किती?
मी पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहते:
पाच तास वर्गात, दहा तास घरी.
एवढ्यावर घोडं अडलं.

अर्जात कारणासाठी चार ओळींची जागा असते.
तिनं दीडच वापरली:
"स्पोकेनमध्ये मी एकही तास बुडवला नाही.
जे सांडलं ते तुमच्या रस्त्यावर सांडलं."

विभागप्रमुख ट्रजन सज्जन माणूस.
दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
आणि लिहिलं, नामंजूर.
खाली बारीक अक्षरात: वसंत सत्रात स्वतंत्र वाचन घ्यावं, एक क्रेडिट.
एक तृतीयांश आम्ही विकत नाही.

तिनं घेतलं. पूर्ण एकाचे पैसे भरले.
विषय निवडला:
बदली घेऊन येणाऱ्या मुलांचं जे सांडतं
त्याची किंमत कोण मोजतं.
अकरा वर्षांच्या फायली मी मोजून दिल्या, नावं झाकून.
आकडा पाहून आम्ही दोघी गप्प बसलो,
मग तिनं डब्यातली पेस्टी मोडली,
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

माझेही नऊ क्रेडिट आहेत, ग्रेट फॉल्सचे,
जुने. ते तिला सांगितलं नाही.

मे महिन्यात बेरीज पुन्हा केली.
अठरा पूर्णांक सदुसष्ट.
मशीन म्हणालं, पूर्ण.
वरच्या दोन तृतीयांशांबद्दल
ते काहीच बोललं नाही.
फॉर्मवर कमी पडल्याचा रकाना आहे,
जास्त झाल्याचा नाही.
मी समासात लाल पेन्सिलीनं लिहून ठेवलं,
शिल्लक.