निवेदन क्रमांक एकेचाळीस

साखळी नगरपालिकेत, पहिल्या मजल्यावर,
जन्म-मृत्यू दाखल्यांच्या खिडकीला लागून
माझं टेबल. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचं.
वर फलक : ऑनलाइन निवेदन सेवा.
शंभर सह्या झाल्या की विषय बैठकीत जातो,
नव्वद दिवसांत नाही झाल्या तर आपोआप मिटतो.
नियम मी केलेला नाही,
मी तो फक्त तीन भाषांत टंकला आहे.

इथे काय काय मागतात लोक.
शाळेच्या पायरीवर बसणाऱ्या बैलाचं काहीतरी करा.
विसर्जनाच्या पायऱ्यांना कठडा.
खनिजाचे ट्रक बंद होते तेव्हा दिसणारा डोंगर परत.
एकानं लिहिलं, मागणी : काही नाही,
चालतं का ते बघत होतो.
त्यालाही चौदा सह्या.

एकेचाळीसावं आवडी हरमलकरचं,
नातवानं शाळेतून आल्यावर भरलेलं :
मासळी बाजारातला नळ सकाळी सहाला सोडा.
दहाला सोडतात.
तोवर बर्फाचं पाणी, खवलं, रक्त
एकाच गटारात थांबून असतं
आणि गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून
आमच्याशी भाव करतं.

सहीला फोन लागतो. फोनवर आकडे येतात,
ते आकडे म्हणजे तुम्ही.
बायका चोवीस, फोन एक,
शाणूचा, जो पहाटे बर्फाचा टेम्पो आणतो.
दुपारी बाजार उठल्यावर त्या वर आल्या,
पाट्या जिन्याखाली उपड्या घालून.
आवडीची सही गेली.
दुसरीला यंत्र म्हणालं,
हा क्रमांक आधीच वापरला गेला आहे.
तिथेच थांबायला हवं होतं,
पण रांग हलेना.
प्रत्येकीला आपापला नकार हवा होता.
तेवीस वेळा मी नाव टंकलं,
तेवीस वेळा शाणूचा फोन पाहिला.
शेवटची म्हणाली,
“आमी तुका दिसतात न्हय गो?”

दिसता, म्हटलं.
मी सही करू शकत नाही, कर्मचारी अपात्र.
हैदराबादच्या कंपनीला लिहिलं,
त्यांनी माझीच तक्रार नोंदवली
आणि खात्री करायला
मलाच आकडे पाठवले.

दर सोमवारी पडद्यावर :
अजून नव्याण्णव सह्यांची गरज आहे.
मित्रांना सांगा.

एकसष्टाव्या दिवशी मी पाव घ्यायला लवकर निघाले होते.
सहा वाजून दहा मिनिटं.
बाजारात पाणी वाजत होतं.
ओट्यावरून, पायांवरून, बांगड्यांच्या डोळ्यांवरून पाणी,
आणि नळाशी उकिडवा बसलेला कायतान,
पालिकेचा प्लंबर, विडी कानावर.
आवडीनं म्हणे त्याला आदल्या दिवशी
चालता चालता विचारलं होतं.
“चावी म्हजेकडेनच आसता,” तो मला म्हणाला,
“म्हाका कोणेंच विचारूंक ना.”

आता मला फाईल बंद करायची आहे.
पडद्यावर पर्याय तीन :
मान्य. अमान्य. मुदत संपली.
मी खाली खाली सरकवत राहते,
चौथा कुठेच नाही.
मुख्याधिकाऱ्यांना विचारलं तर म्हणाले,
नळ कुणाच्या आदेशानं सोडला?
मी म्हटलं, माहीत नाही.
त्या दिवसापासून कायतान जिन्यात भेटला
की मीच खाली बघते.

नव्वदावा दिवस रविवारी गेला.
सोमवारी लाल अक्षरांत : अपुऱ्या सह्या.
आवडीला कागद हवा होता, छापून दिला.
तिनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं,
ते वाचता येतं तिला,
आणि घडी करून ब्लाउजात ठेवला.
भिजेल, म्हटलं.
“भिजूं दी.”

आज सकाळी सत्तावन्नावं आलं.
मासळी बाजारातला नळ पहाटेपासून उगाच वाहतो,
पाण्याची नासाडी, त्वरित बंद करावा.
दोन दिवसांत सह्या अडतीस.
सगळ्यांचे क्रमांक वेगळे.