तक्रारवही

चौथ्या मजल्यावरचं दार उघडून दिलं
तर तैस्तो आत जाईचना.
पायपुसण्यावर उभा राहून म्हणाला,
"सकाळी किती वाजता निघायचं?"
निघायचं नाही, मी म्हटलं.
"मग कधीपर्यंत?"
करारात तारीख नाही.
त्यानं करार उलटा करून पाहिला,
मागच्या बाजूला बारीक अक्षरात असणारच म्हणून.

नऊ हिवाळे.
ताम्पेरेतल्या कुठल्या जिन्याचा दिवा किती सेकंदांनी विझतो
हे त्याला पाठ होतं.
कुठल्या इमारतीत पेपरवाला पहाटे साडेतीनला येतो
आणि अंगाला पाय न लावता ओलांडून जातो,
कुठल्या इमारतीत लाथ.
कागदगिरणी बंद पडली, मग हेल्वी गेली,
मग आडनाव.
सूपच्या रांगेत कोण विचारतं आडनाव?

इथे दारावरच्या पत्रांच्या फटीवर नाव लावतात.
मी एकेक पांढरं अक्षर बसवत होते:
राउताकोस्की.
"एवढं लांब मावेल का?"
मावलं.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे सगळ्यांना ठाऊक.
ते उतरवायची वेळ आली
तर विंचवानं कुठं ठेवायचं, हे कुणी सांगितलेलं नाही.
तैस्तोनं पिशवी दाराशी ठेवली,
पट्टा हाताला लागेल अशी.
अकरा आठवडे पलंगाची घडी मोडली नाही.
तो न्हाणीघरात झोपायचा, फरशीखालून ऊब येते तिथे,
पायात बूट.
उशाशी ठेवले तर जातात, म्हणायचा.
कोण नेणार? दाराला कडी आहे.
"हो," म्हणायचा, आणि नाडी आवळायचा.

रात्री माझी फेरी असते.
थाप मारत नाही कुणाच्या दारावर, नुसती ऐकते.
खोकला. टीव्ही.
बारा नंबरात सिर्काचा अकॉर्डियन.
तैस्तोच्या दारामागे काहीच नसायचं,
इतकं काहीच नाही
की मी थांबायचे.

फेब्रुवारीत तो प्याला. चार दिवस.
खिडकीची काच गेली, पातेलं जळलं,
धुराचा गजर झाला आणि अख्खी इमारत
पायजम्यात, बर्फात.
सकाळी पिशवी खांद्याला लावून आला,
माझ्या टेबलावर किल्ली ठेवली.
मी त्याला केरसुणी दिली.
"हे काय?"
काचा तुझ्या घरातल्या आहेत.
भाडं पाच तारखेला, काचेचे पैसे हप्त्यानं,
गुरुवारी नर्स येते, बोलावंसं वाटलं तर बोल.
किल्ली दुपारपर्यंत टेबलावर तशीच.
मी जेवून आले तेव्हा नव्हती.

बाहेर विचारतात, सुधारला का माणूस?
आधी दारू सोडू दे, मग घर द्या,
असा हिशेब असतो त्यांचा.
जिन्यात झोपणाऱ्याकडे
धरून ठेवण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं,
हे त्यांना कसं सांगू.
तैस्तो अजून पितो. शनिवारी. एखाद्या मंगळवारीही.
आणि सगळेच टिकत नाहीत.
सात नंबरातली लेम्पी वसंतात गेली;
पण स्वतःच्या अंथरुणात गेली,
खिडकीला अर्धे शिवलेले पडदे,
सुई तशीच अडकवलेली.

पिशवी अजून दाराशीच आहे.
आता तिच्यात रिकाम्या बाटल्या असतात,
दुकानात परत देऊन सुटे पैसे घ्यायचे म्हणून.

काल तक्रारवहीत एक पान भरलेलं दिसलं.
अक्षर मोठं, ओळ सोडून वर चढणारं:

"बारा नंबरातली बाई रात्री दहानंतर अकॉर्डियन वाजवते.
एकच धून. तीही चुकीची.
मी इथला भाडेकरू आहे. माझी झोप मोडते.
कारवाई व्हावी.
– त. राउताकोस्की, चौथा मजला."

मी दोनदा वाचलं.
नियमाप्रमाणे खाली सही केली, वेळ घातली,
आणि सिर्काला सांगायला निघाले,
जरा सावकाशच.
धून संपत आली होती.